मागच्या खांबापाशी

आमच्या लेकीचं म्हणणं असं, की मी काहीही सांगायला बसले की आधी भांडते आणि मग सांगते. भांडणारच. ज्यांच्याशी भांडायचं होतं ती माणसं एकतर भली निघाली, नाहीतर मला ओळखेनाशी झाली. मग भांडू कुणाशी? तुमच्याशीच.

आमचे हे मोठ्या बागेत नोकरीला होते. मीही होते. बाग केवढी, तर या फाटकातून शिरलेल्या माणसाला त्या फाटकापर्यंत पोचेस्तोवर बूट चावायला लागतात. पूर्वी लोकांचे घोळके घेऊन हे पुढे चालायचे. हे झाड बघा, ते तळं बघा, ओरडून ओरडून घसा बसायचा. सगळे यांना वाटाड्याच म्हणायचे. मग यांच्याच डोक्यात आलं, की माणसाला आपलं आपण फिरता आलं पाहिजे, मेंढरासारखं कुणाच्या मागे कशाला? यांनी तीन वाटा आखल्या. लाल वाट झाडांची, निळी पाण्याची, पिवळी पाखरांची. वाटेवर कंबरेएवढे लाकडी खांब, वरच्या टोकाला त्या त्या रंगाचा पट्टा, आणि बघण्यासारखं काही असेल तिथे पाटी. एका खांबापाशी उभं राहिलं की पुढचा दिसलाच पाहिजे, हा यांचा हट्ट. वाट जिथून सुटते तिथेच फिरून परत. वर्कशॉपमधले चेष्टा करायचे, वाटाड्याने स्वतःच्याच पोटावर पाय दिला म्हणून. हे नुसते हसायचे. खांब यांनी रोवायचे आणि रंग मी द्यायचा, असा आमचा संसार.

फाटकातून आत आलं की मोठी पाटी होती. मजकूर यांचा, अक्षर माझं. ‘पुढचा खांब दिसला नाही, तर मागच्या खांबापाशी परत या आणि तिथेच थांबा. कुणीतरी तुम्हाला न्यायला येईल.’ ते कुणीतरी म्हणजे हेच. बाग बंद व्हायची घंटा झाली, की अंगात बागेचं हिरवं जॅकेट चढवून सायकलवर तिन्ही वाटांना एक चक्कर. कुणी ना कुणी सापडायचंच. एकदा तर एक नवराबायको सापडले, हा या खांबाला टेकून, ती त्या खांबाला टेकून, एकमेकांशी अबोला धरून. दोघांना यांनी एकाच सायकलीच्या दोन बाजूंनी चालवत आणलं. जेवण गार व्हायचं आणि मी करवादायचे. हे म्हणायचे, “अगं, तिथेच थांबा असं आपण लिहिलंय. थांबलेल्या माणसाला न्यायला गेलं नाही तर आपण खोटे पडलो.”

एरवी या माणसाला राग म्हणून माहीत नव्हता, पण चिंधी दिसली की तळपायाची आग मस्तकात. कुणीतरी टवाळ पोरं झाडांना रिबिनी बांधून ठेवायची, लोकांना फसवायला. एका कुटुंबाची त्या नादात गुडघाभर चिखलात वरात गेली, आजीबाईंसकट. तेव्हापासून बागेत नवा माणूस लागला की पहिल्याच दिवशी यांचा धडा ठरलेला. खांब म्हणजे वाट. चिंधी म्हणजे कुणाचा तरी चावटपणा. चिंधी दिसली की सोडायची, खिशात घालायची आणि मागच्या खांबापाशी परत यायचं. ऐकून ऐकून माझे कान किटले होते.

नोकरी संपली आणि काही वर्षांनी यांचं विसरणं सुरू झालं. आधी शब्द गेले, मग माणसं. एके दिवशी मी चहा पुढे ठेवला तर मला म्हणाले, “बाई, तुम्ही कशाला त्रास घेतलात?” जन्मभर अगं म्हणणारा माणूस मला अहो-जाहो करायला लागला. त्यापेक्षा शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

घरात यांचा पाय ठरत नसे. या खोलीतून त्या खोलीत, प्रत्येक कडी हलवून बघायची, गॅसचं बटण फिरवायचं, आडवं कुणी आलं की ढकलायचं. आणि माझा उजवा खांदा वर हात करून मोठ्या पाट्या रंगवता रंगवता कधीच कामातून गेलेला. उंचापुरा माणूस, आवरणार कसा? नाकीनऊ आले.

पण लाल वाट यांना येत होती.

दुपारी जेवणं झाली की मी यांना बागेच्या फाटकाशी आणून सोडायचे. पहिला लाल खांब दिसला की यांची मान वर व्हायची, खांदे सरळ. एकटे निघायचे. प्रत्येक पाटीपुढे थांबून मजकूर मोठ्याने म्हणायचे, आणि तो चष्मा न लावता. वीज पडलेलं झाड, पोकळ झाड, जोडखोडाचं झाड, सगळं तोंडपाठ. फिरून परत फाटकाशी माझ्या बाकड्यापाशी. घरी आले की निमूट हातपाय धुवायचे, जेवायचे, झोपायचे. आणि कधी कधी, रोज नाही, पहिल्या घासाला म्हणायचे, “अगं, मीठ कमी पडलंय.” त्या एका ‘अगं’साठी मी जन्मभर अळणी रांधलं असतं.

तुम्ही म्हणाल, बरोबर का नाही गेलीस? गेले की. बरोबर कुणी चाललं की हे मटकन खाली बसायचे. “मला वाटाड्या लागत नाही,” म्हणायचे, तेही ओरडून. मग लांबून मागे गेले. तर मागे वळून बघितलं, माझ्याकडे आले आणि म्हणाले, “बाई, चुकलात का? घाबरू नका.” मला हाताला धरून फाटकाशी आणून सोडलं आणि स्वतः पुन्हा पहिल्यापासून निघाले. त्या दिवसापासून मी बाकड्यावर बसायला लागले.

लेक शाळेत शिकवते. एकुलती एक. तिचा जीव टांगणीला लागलेला असायचा. तिने एक वृद्धाश्रम बघून ठेवला होता, विसरभोळ्या माणसांसाठीचा. “आई, तिथे चोवीस तास माणसं आहेत. तुझा खांदा बघ. मागच्या महिन्यात बाबांनी तुला दारावर ढकललं ते तू मला सांगितलंसुद्धा नाहीस.”

“पाय घसरला माझा.”

“आई.”

मी म्हटलं, “हे बघ, लाल वाट चालून स्वतःच्या पायांनी परत येतायत तोवर हा माणूस माझ्या घरात राहणार. ज्या दिवशी परत येणार नाहीत त्या दिवशी तू म्हणशील तिथे सही करते.” शब्द दिला मी. तिनेही डोळे पुसून मान हलवली. आमच्या तिघांचं सगळं त्या वाटेवर टांगलेलं होतं.

आणि बागेत नव्या मॅडम आल्या.

मॅडम वाईट नव्हत्या, तेच तर दुखणं. मी केबिनमध्ये गेले तर उठून खुर्ची दिली. भिंतीवर नकाशा. नव्या वाटा येणार होत्या. व्यायाम वाट, फोटो वाट, लहान मुलांसाठी डायनासोर वाट.

“डायनासोर? आपल्या बागेत?”

“सिमेंटचे आहेत, काकू.”

“आणि खांब?”

“खांब नाहीत. सगळं मोबाइलवर दिसेल. कुठे उभे आहात तेसुद्धा.”

“आणि कुणी चुकलं तर?”

“चुकणारच नाही ना कुणी.”

मग मी सगळं सांगितलं. यांचं दुखणं, वाट, माझा शब्द. मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं नाही सांगत. म्हणाल्या, “काकू, तुमचे मिस्टर नसते तर या बागेत वाटाच नसत्या, हे मला माहीत आहे. पण खांब खालून कुजलेत. परवा एक मूल टेकून उभं होतं, खांबासकट पडलं. एका माणसासाठी मी ते कसे ठेवू?” मीही त्यांच्या जागी हेच म्हटलं असतं. म्हणून जास्त चीड आली.

वर्कशॉपमध्ये जुन्या लोकांपैकी एक मिस्त्रीच उरले होते. यांच्याच हाताखाली तयार झालेले. ते म्हणाले, “वहिनी, हुकूम आहे, खांब उपटायला लागणार. पण लाल वाट सगळ्यात शेवटी घेतो.” घेतली बिचाऱ्यांनी. आधी निळी, मग पिवळी, दोन्हीकडे जमेल तेवढा वेळ काढला. शेवटी एका संध्याकाळी ते घरी आले, उंबऱ्याशीच उभे राहिले. वीज पडलेल्या झाडापासून फाटकापर्यंतचे लाल खांब त्या दिवशी निघाले होते. म्हणजे वाट जाताना होती, परत येताना नव्हती.

“मागचे राहिलेत ते पुढल्या आठवड्यात काढतो. वहिनी, उद्यापासून यांना आणू नका.”

न आणून करू काय? मध्ये एकदा वादळात बाग बंद होती, तेव्हा यांनी स्वयंपाकघराच्या दाराची काच हाताने फोडली होती. रात्रभर मी टॉवेल धरून बसले होते.

तेव्हा माझ्या डोक्यात ते आलं. कपाटात एक जुना पडदा होता, लाल. तो लाल माझ्या पट्ट्यांच्या लालशी अगदी जुळणारा, मी रंगारी आहे, मला कळतं. म्हटलं, मिस्त्री, जिथे जिथे खांब होता तिथे झाडाला ही पट्टी बांधू. यांना रंग दिसला म्हणजे झालं. मिस्त्रींचा चेहरा उजळला. “वहिनी, झकास! हे माझ्या कसं ध्यानात आलं नाही?” मी बसल्या बसल्या पडदा फाडला. भल्या पहाटे आम्ही दोघं जाऊन बांधून आलो. खांबाच्या उंचीवर, खांबाच्या जागी, एका पट्टीपासून दुसरी दिसेल अशी. येताना मी चक्क गाणं गुणगुणत होते. माझी मलाच शाबासकी.

दुपारी यांना फाटकाशी सोडलं. पहिला खांब जागेवर होता. मान वर, खांदे सरळ, निघाले. मी बाकड्यावर.

नेहमीची वेळ टळली. मी म्हटलं, पाटीपाशी रेंगाळले असतील. आणखी टळली. मग मात्र उठले आणि फाटकाकडून उलटी आत शिरले, माझ्याच पट्ट्यांच्या मागाने. एकेक पट्टी जागेवर होती, वाऱ्यावर हलत होती. हे कुठे नाहीत. पट्ट्यांच्या पार टोकाशी पोचले तर वीज पडलेल्या झाडापाशी, शेवटच्या उरलेल्या खांबाला धरून हे उभे. दोन्ही हातांनी धरलेला खांब. पुढच्या खांबाच्या जागी झाडाला पहिली पट्टी बांधली होती, ती तिथे नव्हती. यांच्या खिशातून तिचं टोक बाहेर आलेलं होतं.

तेव्हा मला आठवलं. चिंधी दिसली की सोडायची, खिशात घालायची आणि मागच्या खांबापाशी परत यायचं. ज्याच्या डोक्यातून बायको गेली, पोटची लेक गेली, त्याला ते आठवत होतं. आणि डोकं शाबूत असलेले आम्ही दोघं, त्याच माणसाकडून तोच धडा शंभरदा ऐकलेले, आम्ही विसरलो! आम्ही आमच्या हातांनी यांच्या वाटेवर चिंध्या बांधल्या.

“अहो, चला, मी आलेय.”

“बाई, पुढे वाट नाही. इथेच थांबा.”

“मी आहे हो. घरी जायचंय.”

“कुणीतरी न्यायला येतं. सोडून जात नाहीत.”

हात धरला तर हिसडा दिला. ओढायला गेले तर असे ओरडले की फिरायला आलेले लोक गोळा झाले. कुणी म्हणे आजोबांना त्रास देऊ नका, कुणी माझाच फोटो काढतोय. पहाऱ्यावरचा माणूस आला, नव्या निळ्या टी-शर्टातला. त्याला हे म्हणाले, “तुम्ही बागेचे नाही.” मी मिस्त्रींना फोन लावला, ते सामान आणायला लांब गेलेले. मग लेकीला लावला. लावायलाच लागला. ती शाळेतून तशीच आली, खडूचे हात घेऊन. “बाबा, मी आलेय.”

“तूही चुकलीस का, बाळ? ये, उभी राहा.”

ती राहिली उभी. आम्ही तिघंही राहिलो उभे. यांना बसा म्हटलं तर बसेनात, पाणी घेईनात. पाय थरथरायला लागले, मग कपडे ओले झाले, तरी हात सुटेना. लेकीने आपली ओढणी यांच्या कमरेला गुंडाळली. बोलली असती तर भांडले तरी असते.

बंद व्हायच्या घंटेला मिस्त्री आले. लांबूनच सगळं बघितलं, आल्या पावली माघारी वळले आणि वर्कशॉपमधून जुनं हिरवं जॅकेट घालून आले. यांचा चेहरा असा फुलला की काय सांगू.

“आलात? मी म्हणत होतोच.” आणि खांब सोडून निमूट मिस्त्रींच्या मागे चालायला लागले. मिस्त्री पुढे चालताना हुंदके देत होते. मागे वळून न बघता, यांना दिसू नये म्हणून.

शब्द पाळायच्या आधी मी आणखी काही दिवस मागून घेतले, लेकीपुढे नाक घासून. पण वाट नव्हती, तर माणूस घरात राहीनाच. दाराला कुलूप घातलं तर डोकं आपटायचे. एकदा मला धरून भिंतीशी रेटलं, आणि त्या वेळी लेक दारात उभी होती. मी सही केली. सही ओळीत, रेखीव आली. पाट्या रंगवलेला हात आहे.

आश्रम स्वच्छ आहे. माणसं प्रेमळ आहेत. तिथे व्हरांड्यात एक खांब आहे, छताला आधार म्हणून. पहिल्याच दिवशी यांनी तो हेरला. सिस्टर मला कौतुकाने सांगते, “आजोबांचा काही त्रास नाही हो. दिवसभर त्या खांबापाशी शांत उभे असतात. जेवायला तेवढे बसतात.” मी गेले की मला म्हणतात, “बाई, चुकलात का? घाबरू नका. इथेच थांबायचं. कुणीतरी न्यायला येतं.” मी शेजारी उभी राहते. भेटीची वेळ संपल्याची घंटा होते, मी निघते, तर मागून हाक येते, “अहो बाई, तिकडे खांब नाही! परत या!” रोज.

मागच्या आठवड्यात थंडी फार होती. ट्रंकेच्या तळाशी माझं बागेचं हिरवं जॅकेट होतं, ते घालून गेले. थंडी होती म्हणून. खोटं कशाला बोलू, नुसत्या थंडीसाठी नाही.

यांनी मला व्हरांड्याच्या टोकालाच बघितलं. हात खांबावरून सुटला. स्वेटरची बटणं लावली, वरपासून खालपर्यंत, एकही न चुकता. केसांवरून हात फिरवला. मी जवळ पोचले तर म्हणाले, “आलात? मी म्हणत होतोच.” आणि मी वळले तर हे माझ्या मागे. लहान लहान पावलं टाकत, अगदी शहाण्यासारखे. मी चालत गेले. व्हरांडा, जिना, खालचा हॉल. दारापर्यंत आलो आम्ही. माझ्या लग्नाचा माणूस माझ्या मागून घरी यायला निघाला होता.

दाराशी सिस्टर होती. तिने दार अडवलं नाही, नुसतं विचारलं, “आजी, कुठे नेताय?”

काय सांगू? त्या घरात, कुलपाच्या आत? त्या बागेत, जिथे एक खांब उरलेला नाही आणि सिमेंटचे डायनासोर उभे आहेत? लेकीच्या दोन खोल्यांत? मी तिथेच उभी राहिले. मागे हे, वाट बघत, कधी निघायचं म्हणून.

मग मी जॅकेट काढलं. यांच्यासमोरच. बटणं सोडली, एक बाही काढली, दुसरी काढायला खांदा वर होईना, तर सिस्टरने हात दिला.

हे माझ्याकडे बघत राहिले. चेहरा हळूहळू विझला. इकडे तिकडे बघितलं, मग वळून जिना चढायला लागले. मी मागे गेले. खांबापाशी पोचून यांनी त्यावर हात ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. मी रडत होते, ते यांना दिसलं असावं.

“येतील, बाई,” हे म्हणाले. “कधी कधी उशीर होतो त्यांना. पण येतात. पाटीवर तसं लिहिलंय.”

“हो,” मी म्हटलं, आणि घंटा होईपर्यंत यांच्या शेजारी उभी राहिले.